सॅन मार्कोस नदी अजून नितळ वाहतेय, मग तिथला गंबुशिया कसा काय संपला?

दारणाकाठ

नमस्कार मंडळी, इथे मासे आणि नद्यांवर लिहिणारे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतोय, उत्तर लांबलं तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

एप्रिलमध्ये आम्ही दोघं मुलाकडे टेक्ससला जाऊन आलो. तो सॅन मार्कोसला टेक्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकतो, ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोच्या मधलं गाव. तिथली गंमत म्हणजे नदीचा उगमच युनिव्हर्सिटीच्या आवारात आहे. जमिनीतून ढिगाने झरे फुटतात, त्यांचं तळं झालंय आणि त्या तळ्यातून नदी निघते. तळाला काच असलेल्या बोटीतून फिरवून आणतात. मी वाकून बघत होतो तर चांगलं दोन पुरुष खोल पाणी, आणि खाली वाळू अशी उसळत होती की जसा पातेल्यात भात रटरटतो, आणि एकेक कण दिसतोय. आमच्या सौभाग्यवती तर काठावर अळू बघून थांबल्याच, हो आपलं वडीचं असतं तसंच अळू, पण पुरुषभर उंच, मैलभर नुसतं माजलेलं.

तर बोट चालवणारी मुलगी माहिती देत होती, अमुक झरा, तमुक कासव, आणि मधेच म्हणाली की या नदीत सॅन मार्कोस गंबुशिया नावाचा मासा होता, बोटाच्या दोन पेरांएवढा, आख्ख्या जगात फक्त याच नदीच्या साधारण एक किलोमीटर पट्ट्यात, आणि तो आता नाही. एवढं बोलून ती पुढच्या झऱ्याकडे वळली. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना.

मी नाशिकचा. नदी मेली की मासे मरतात हे मला कुणी समजावून सांगायला नको, डोळ्यांनी पाहिलंय. पण इथे नदी मेलेली नाही हो! पाणी पिऊन टाकावंसं वाटेल असं, पोरं ट्यूब घेऊन तरंगतायत, बाकीचे दुर्मिळ जीव अजून तिथे आहेत म्हणे. मग हाच का गेला? आणि एकच किलोमीटर का, वर किंवा खाली सरकायला त्याला कुणी अडवलं होतं?

ऑस्टिनकर

दादा, मी ऑस्टिनला राहते, अकरा वर्षं झाली, उन्हाळ्यात दर दुसऱ्या रविवारी पोरांना घेऊन त्याच नदीवर असतो आम्ही. तुम्ही बोटीतून बघितलंत ते तळं म्हणजे स्प्रिंग लेक. तो मासा तिथला नव्हे, थोडा खालचा. तळ्यापासून नदी गावातून येते, बागा, मग रिओ व्हिस्टाचा छोटा बांध, आणि त्याच्या खाली आंतरराज्य हायवे ३५ चा पूल, ज्याच्यावरून ऑस्टिन सॅन अँटोनियो ट्रॅफिक रात्रंदिवस धावत असतं. त्या पुलाच्या आसपासचा पट्टा हेच त्याचं घर. मी त्या पुलाखालून ट्यूबवरून कितीदा गेलेय. सावली पडते तिथे, वरून ट्रकची धडधड ऐकू येते, आणि काठाला पाणी एकदम शांत आणि उथळ होतं. हे सगळं कळलं तेव्हापासून तिथे आलं की मी पाय पाण्यात टाकून उगाच बघत बसते. बारीक मासे खूप दिसतात. पण ते साधे.

का गेला ते मास्तर सांगतील, ते इथे आहेत का?

मत्स्यमास्तर

आहे, आहे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालो, मासे हाच विषय होता, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

दारणाकाठ, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो कारण पहिल्याचं उत्तर त्यात आहे.

एक किलोमीटर म्हटलं की आपल्याला वाटतं मासा अडकलाय. तसं नसतं. त्या नदीचं पाणी एडवर्ड्स ॲक्विफर म्हणजे चुनखडीच्या खडकातल्या प्रचंड भूजलसाठ्यातून येतं, आणि उगमाशी बारा महिने साधारण २२ अंशांच्या आसपासच असतं. बाहेर चाळीस डिग्री ऊन असो की बर्फ पडो, पाण्याला पत्ता नाही. जसजसं खाली जाल तसतसं ते हवेप्रमाणे तापायला आणि थंड व्हायला लागतं. तर उगमाजवळच्या एकसारख्या पाण्यात गंबुशिया गायझराय नावाचा दुसरा भाऊबंद राहतो, आणि खाली जिथे तापमान वरखाली होतं तिथे साधा गंबुशिया, गंबुशिया ॲफिनिस. या दोघांच्या मधल्या फटीत आपला हा तिसरा, गंबुशिया जॉर्जाय. त्याला काय हवं होतं ते बघा: तापमान एकसारखं, पाणी संथ आणि उथळ पण जवळच वाहती धार, तळाला चिखल पण गाळाचा थर नको, वर झाडाची नाहीतर पुलाची थोडी सावली, आणि पाण्यात फार वनस्पती नकोत, मोकळं हवं. असा तुकडा त्या नदीत तेवढाच होता. म्हणजे अडवलं कुणी नव्हतं, त्याच्या जोगतं घरच तेवढं होतं.

दिसायला कसा, तर अडीच ते चार सेंटिमीटर. पाठीवरचा आणि शेपटीचा पर लिंबासारखा पिवळा, आणि टोळीतला वरचढ नर असेल तर तो पिवळा रंग नारिंगीकडे झुकायचा. डोक्याजवळ निळसर झाक. अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, आपल्या गप्पीसारखा, एकाच कुळातले ते.

आता विज्ञानाला हा कधी कळला? क्लार्क हब्ज आणि ॲलेक्स पेडन यांनी १९६९ साली त्याचं वर्णन केलं. म्हणजे माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षी या माशाला नाव मिळालं. तोवर त्याला साधा गंबुशिया समजूनच सगळे चालले होते. १९८० मध्ये अमेरिकेच्या सरकारने त्याला धोक्यातल्या जीवांच्या यादीत घातलं. निसर्गात शेवटचा दिसला १९८३ मध्ये. हिशोब करा, नावापासून शेवटापर्यंत चौदा वर्षं. यादीत आल्यावर तीन.

आणि तो आधीपासूनच किती विरळा होता याचा एक आकडा मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहायचो. १९७८-७९ मध्ये तिथल्या संशोधकांनी नदीतून एकूण २०,१९९ गंबुशिया जाळ्यात घेतले आणि एकेक तपासला. त्यात जॉर्जाय निघाले १८. हजारात एकसुद्धा नाही. पोरं हसायची, सर एवढे मासे मोजले कोणी. मी म्हणायचो, अरे ज्यांनी मोजले त्यांच्यामुळेच आपल्याला कळलं, नाहीतर हा मासा आला कधी आणि गेला कधी, कुणाला पत्ताही लागला नसता.

बाकीचं संध्याकाळी लिहितो, डोळ्याला ताण येतो मोबाइलवर.

दारणाकाठ

मास्तर सावकाश लिहा. त्या १८ च्या आकड्याने पोटात गोळा आला.

मत्स्यमास्तर

हं. आता का गेला.

खरं सांगतो, एकच कारण असतं तर मला सांगायला सोपं गेलं असतं. कारखाना सांडपाणी सोडतोय, असं काही नाही तिथे. बऱ्याच लहान लहान गोष्टी आहेत आणि त्यातली एक वहिनींनी काठावर थांबून बघितलीच आहे. अळू.

अळू अमेरिकेतलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे आणलं, कंद बटाट्याला पर्याय म्हणून लावून बघावा असा सरकारी विचार होता. खाण्यात फारसं रुजलं नाही, पाण्याकाठी मात्र सुटलं. तिकडे त्याला हत्तीचे कान म्हणतात. सॅन मार्कोसच्या काठाला ते माजलं तशी काठाची उथळ मोकळी जागा भरत गेली, मुळांत गाळ अडकला, पाण्याची धार बदलली. तुम्ही आता विचार करा, त्या माशाला काय हवं होतं? उथळ, मोकळं, बिनगाळाचं. नेमकं तेच अळूने व्यापलं. अमेरिकन सरकारच्याच कागदपत्रांत लिहिलंय की अळू वाढत गेलं आणि मासा कमी होत गेला, हे एकाच काळात घडलं. आपल्याकडे न्हाणीच्या पाण्यावर गुमान वाढणारं, श्रावणात फदफदं करून खातो ते झाड हो. झाडाचा काय दोष, पण दुसऱ्याच्या अंगणात नेऊन लावलं की असं होतं.

मग पाणी. सॅन अँटोनियोसारखं मोठं शहर आणि पश्चिमेकडची शेती सगळी त्याच भूजलावर. उपसा वाढला की झऱ्याची धार बारीक होते, आणि धार बारीक झाली की एकसारख्या तापमानाचा पट्टा उगमाकडे आक्रसत जातो. इतर माशांचं थोडं सरकून भागतं. याचं घरच किलोमीटरभर, त्यातून शंभर मीटर गेले तरी दहावा हिस्सा गेला.

आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात वाईट. संकर. साधा गंबुशिया तिथला मूळचाच आहे, बाहेरून आलेला नाही, दोघं शेजारी शेजारी राहत होते. थोडाफार संकर कायमच होत असणार पण जॉर्जाय पुरेसे होते तोवर त्याने बिघडलं नाही. ते विरळ झाल्यावर मात्र जॉर्जायच्या मादीला आपल्यातला नर भेटेचना, भेटायचे ते साधे. शेवटच्या वर्षांत नदीत शुद्ध जॉर्जायपेक्षा मिश्र मासे कितीतरी जास्त सापडत होते. म्हणजे मासा मरून संपला असंही पुरतं म्हणता येत नाही, तो विरघळला.

काचपेटी

मास्तर, शेवटचं वाक्य वाचून माझं स्वतःचं आठवलं. मी ठाण्यात घरी मासे पाळतो, अठरा वर्षं झाली. २०१९ ला एका मित्राकडून शुद्ध एंडलर आणले होते, व्हेनेझुएलातला गप्पीचा जवळचा नातेवाईक, नराच्या अंगावर काळा ठिपका आणि नारिंगी हिरवी चमक, जीव ओवाळून टाकावा असा. वेगळी टाकी, वेगळी जाळी, सगळं पाळलं. एक दिवस दुकानातून हॉर्नवर्ट या पाणवनस्पतीची जुडी आणली, घाईत नीट न धुता टाकली, त्यात गप्पीचं एक पिल्लू आलं असणार, दिसायला डासाच्या अळीएवढं. मला कळलं तेव्हा ती मोठी मादी झाली होती. काढली लगेच. पण तोवर तिची पिल्लं झालेली, आणि या माद्या एकदा नराशी संबंध आला की ते बीज साठवून कितीतरी वेळा पिल्लं देतात. आठ महिन्यांत माझ्या टाकीत एकही शुद्ध एंडलर राहिला नाही. मासे भरपूर होते, टाकी गजबजलेली होती, बघणाऱ्याला वाटलं असतं छान चाललंय. मी एकेक नर काचेजवळ आला की बघायचो, याचा ठिपका फिकट, त्याची शेपटी लांब. तो एंडलर नव्हताच कुठे.

मला दुसरीकडून पुन्हा आणता आले. सॅन मार्कोसवाल्यांना कुठून आणणार? त्यांनी टाकीत ठेवून वाढवायचा प्रयत्न केला नाही का?

मत्स्यमास्तर

केला. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीत हब्ज यांच्याकडेच वाढवत होते. आणि काचपेटी, तुमच्या टाकीत झालं तेच तिथे झालं, साधे गंबुशिया त्यात शिरले आणि ती पैदास बिघडली. मग परत नदीतून शुद्ध मासे आणायला गेले तर पुरेसे मिळेनात. नंतर कितीतरी वर्षं लोक जाळी घेऊन त्या पट्ट्यात शोधत राहिले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने नामशेष जाहीर करण्याचा प्रस्ताव मांडला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये २१ जीव एकदम यादीतून काढले, नामशेष म्हणून. त्यात मासे दोन. एक हा. दुसरा ओहायोच्या बिग डार्बी क्रीकमधला स्किओटो मॅडटम नावाचा छोटा मिशाळ मासा, तोही एका ओढ्यापुरता, साऱ्या इतिहासात त्याचे सापडले फक्त १८ आणि शेवटचा १९५७ मध्ये.

टेक्ससमध्ये गंबुशियाच्या अशा एकेका झऱ्यापुरत्या जाती बऱ्याच. गुडइनफ स्प्रिंग नावाच्या झऱ्यात गंबुशिया अमिस्टाडेन्सिस होता. १९६८ मध्ये रिओ ग्रांदेवरच्या अमिस्टाड धरणाचं पाणी चढलं आणि झराच खोल पाण्याखाली गेला. मासे आधी काढून ठेवले होते टाक्यांमध्ये, तिथेही कुठे साधे गंबुशिया घुसले, कुठे पैदास मेली. १९७३ साली त्या माशाचं शास्त्रीय वर्णन छापून आलं तेव्हा त्याचं घर बुडून पाच वर्षं झाली होती. उजनी, कोयना ज्यांनी बघितलंय त्यांना झरा पाण्याखाली जाणं म्हणजे काय ते सांगायला नको, आपल्याकडे देवळं वर येतात उन्हाळ्यात म्हणून आठवण तरी राहते.

पण एक चांगलंही सांगतो, नाहीतर झोप लागायची नाही. तिथेच बिग बेंड नॅशनल पार्कात गंबुशिया गाइगेइ आहे. १९५० च्या दशकात त्याचे तीन मासे उरले. तीन. दोन नर आणि एक मादी. त्या तिघांपासून वाढवत आणले, आणि आज तिथल्या झऱ्याच्या तळ्यात जे काही हजारो आहेत ते सगळे त्या एका मादीचे वंशज. म्हणजे होऊ शकतं. एक मादी वेळेवर उचलली की होऊ शकतं.

माणदेशी

राम राम. मी शेतकरी आहे, सांगोल्याकडे डाळिंब आहे माझं. सगळं वाचलं, वाईट वाटलं, पण मनात आलं ते विचारतो, राग मानू नका. आमच्याकडे बोअर आठशे फुटावर गेलंय, मार्चपासून टँकर. तिथे मास्तर म्हणतात की शहर न शेती पाणी उपसतं म्हणून झरा बारीक होतो. मग त्यांनी काय करायचं होतं, दोन पेराच्या माशासाठी मोटर बंद ठेवायची होती का? माझी बाग वाळत असती तर मी नसती ठेवली, खोटं कशाला बोलू.

ऑस्टिनकर

भाऊ, राग कशाचा, हाच प्रश्न तिथे कोर्टात गेला होता. मला हे माहितीय कारण माझ्या नोकरीचा पाण्याशीच संबंध आहे, ॲक्विफरची पातळी रोज सकाळी बघतो आम्ही.

टेक्ससमध्येही कायदा असाच होता की ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी, वाटेल तेवढं काढा. १९५० च्या दशकात मोठा दुष्काळ पडला तेव्हा सॅन मार्कोसच्या दक्षिणेचे कोमल स्प्रिंग्स, टेक्ससमधले सगळ्यात मोठे झरे, १९५६ मध्ये काही महिने पूर्ण कोरडे पडले. सॅन मार्कोसचे झरे कधी आटल्याची नोंद नाही, पण कोमलचे आटले. तिथला फाउंटन डार्टर नावाचा छोटा मासा नाहीसा झाला, आणि १९७५ मध्ये सॅन मार्कोसमधून नेऊन तिथे परत सोडावा लागला. सॅन मार्कोसला तो शिल्लक होता म्हणून निभावलं.

१९९१ मध्ये सिएरा क्लब या पर्यावरणवादी संस्थेने दावा लावला की उपशावर मर्यादा नाही म्हणून या झऱ्यांवरचे जीव मरतायत. दाव्यात फाउंटन डार्टर होता, टेक्सस वाइल्ड राइस म्हणजे पाण्यात वाढणारा जंगली भात, आंधळा सॅलमँडर, सॅन मार्कोस सॅलमँडर (बेडकांच्या वर्गातले, सरड्यासारखे दिसणारे जीव), आणि हो, सॅन मार्कोस गंबुशियाही होता, शेवटचा दिसून आठ वर्षं झाली होती तरी. १९९३ मध्ये निकाल लागला आणि त्याच वर्षी राज्याने एडवर्ड्स ॲक्विफर ऑथॉरिटीचा कायदा केला. आता कुणी किती उपसायचं त्याचे परवाने आहेत, विहिरीला मीटर आहेत, पातळी खाली गेली की टप्प्याटप्प्याने सगळ्यांचा उपसा कमी होतो, शहराचाही आणि शेतीचाही. दुष्काळात काही शेतकऱ्यांना पाणी न उपसण्याचे पैसे देतात. भांडणं अजून होतात, खूप होतात. पण भाऊ तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर सांगू? झरा चालू ठेवायला मर्यादा घातली म्हणून वरच्या विहिरींनाही पाणी राहिलं. मासा हा पातळीच्या आधी कळणारा काटा होता. त्याच्यासाठी म्हणून जे केलं ते पाणी पिणाऱ्या सगळ्यांना मिळालं, त्याला स्वतःलाच मिळालं नाही.

माणदेशी

मीटर बसवलं ते बरं केलं. सगळ्यांना सारखं लागू असेल तर मोटर बंद ठेवायला माणूस तयार होतो, शेजारचा चालू ठेवतो तिथे दुखतं. ताई, परवान्याचं कसं ठरवलं, जुन्या विहिरीवाल्याला जास्त का, ते वेळ मिळाला की लिहा. वेगळा धागा काढा पाहिजे तर.

फवारणी

नमस्कार. मी जिल्हा हिवताप विभागात आरोग्य सेवक आहे, मराठवाड्यात. पावसाळ्यात आमचं काम म्हणजे घरोघर कंटेनर सर्वे, रांजण रिकामे करायला लावणे, अबेट म्हणजे अळ्या मारायचं औषध टाकणे, आणि डबक्यात, विहिरीत, हौदात गप्पी मासे सोडणे. काही ठिकाणी गंबुशिया सोडतात. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ आहे. आमच्या बादलीतला गंबुशिया तोच का? आम्ही चुकीचं करतोय का? डेंग्यूने गावात पोरगं गेलेलं मी बघितलंय, त्यामुळे मासे सोडू नका एवढं कुणी नुसतं म्हटलं तर मला पटणार नाही.

मत्स्यमास्तर

तुमचं काम मोलाचं आहे, आधी हे लिहितो.

जात तीच, साधा गंबुशिया, ॲफिनिस. त्याला जगभर नेला तो डासांच्या अळ्या खातो म्हणून. भारतात १९२८ मध्ये आणला, गप्पी त्याच्याही आधी. नेला तिथे काय झालं, तर तो अळ्या खातो हे खरं पण इतर माशांची अंडी, पिल्लं, बेडकांची अंडी हेही खातो, आणि दुसऱ्यांचे पर कुरतडतो. ऑस्ट्रेलियाला त्याच्या जवळच्या भाऊबंदाने, गंबुशिया होलब्रुकीने, असाच फार त्रास दिलाय. आपल्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणानेही त्याला उपद्रवी परक्या जातींत धरलंय. तरीही २०२३ मध्ये आंध्रात कोटीच्या हिशोबात सोडले, ओडिशा, पंजाबातही सोडले.

माझं मत स्पष्ट आहे. सिमेंटचा हौद, बांधकामावरची टाकी, कारंजं, जिथे दुसरा जीव नाही आणि पाणी ओढ्याला मिळत नाही तिथे गप्पी सोडा, बिनधास्त सोडा. विहीर, बारव, तळं, ओढा इथे आधी पाण्यात बघा काय आहे. आपल्याकडे पॅनचॅक्स नावाचा मासा आहे, लहानसा, पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहतो, डोक्यावर पांढरा ठिपका असा चमकतो की वरून बघितलं की आधी ठिपकाच दिसतो. तो डासांच्या अळ्या खातो, पिढ्यान्‌पिढ्या खात आलाय. तो असेल तिथे गंबुशिया ओतायचं कारणच नाही.

आणि दारणाकाठ, तुमचं टोपणनाव बघून पहिल्या दिवसापासून लिहायचं मनात होतं. तुमच्या दारणेतून, देवळालीजवळून, होरा आणि मिश्रा यांनी १९३८ मध्ये एका छोट्या माशाचं वर्णन केलं होतं, पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटरी. इंग्रजीत त्याला देवळालीच्याच नावाने ओळखतात. जगातल्या धोक्यातल्या जीवांच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. धारेत दगडाला धरून राहणाऱ्यातला.

दारणाकाठ

मास्तर, मी लहानपणी देवळालीला दारणेत पोहायला शिकलो. साठ वर्षं त्या नदीच्या काठाला राहिलो आणि तिच्या नावाचा, तिच्यापुरता एक मासा आहे हे मला टेक्ससच्या बोटीतून फिरून आल्यावर कळतंय. काय लिहू.

परवा मुलाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला बाबा, नदीकाठचं अळू काढायचं काम इथे कायम चालू असतं, काढून त्या जागी मूळच्या वनस्पती लावतात, वाइल्ड राइसही लावतात पाण्यात. त्याला म्हटलं, पुढच्या वेळी हाक देतील तेव्हा जा. आई म्हणाली हातमोजे घाल, चीक लागला की खाजतं.

मी आमच्या इथल्या कॉलेजात जाऊन आलो. प्राणिशास्त्राच्या मॅडम भेटल्या, त्यांना दारणेतल्या दगडावरच्या माशाचं नाव दाखवलं, त्या म्हणाल्या दिवाळीनंतर पाणी उतरलं की दोन मुलं घेऊन जाऊ. धार कुठे आहे, खडक कुठे उघडे पडतात हे मला माहितीय, ते मी दाखवणार आहे.

फवारणी

आज सकाळचं सांगतो. एका गावात जुनी बारव आहे, तिथे मासे सोडायचे म्हणून यादीत होतं. बादली घेऊन गेलो. आधी पायऱ्यांवर बसलो, मास्तर म्हणाले तसं. पाणी काळं दिसत होतं, मग डोळे सरावले. तेरा चौदा ठिपके होते पाण्यावर, पांढरे, स्थिर. मी हात हलवला तसे सगळे एकदम पायरीच्या सावलीत गेले. डिपरने, म्हणजे अळ्या तपासायच्या पळीने, चार ठिकाणी पाणी काढून बघितलं, एकही अळी नाही.

बादली परत आणली आणि ऑफिसमागच्या सिमेंटच्या हौदात ओतली. रजिस्टरमध्ये बारवेपुढे लिहिलंय, मासे सोडले नाहीत, आधीच आहेत. साहेब काय म्हणतात ते उद्या कळेल, फोटो काढून ठेवलाय.